दफनभूमीतील जागा आणि भरून घेतलेले दात

१९३३ सालच्या मार्च महिन्याच्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरातले ४८ वर्षांचे प्रसूतितज्ज्ञ डॉ. जेम्स गिलमोर सेंट लुईस येथील बार्न्स रुग्णालयातून काही दिवसांची मुभा घेऊन आपल्या गावी परतले. त्यांच्या डाव्या फुफ्फुसात कर्करोग असल्याचे नुकतेच निश्चित झाले होते आणि शस्त्रक्रिया करायचे ठरले होते. घरची व्यवस्था लावून येतो, असे सांगून ते निघाले. गावी त्यांनी जी कामे उरकली त्यांपैकी दोन इतिहासात नोंदली गेली आहेत. त्यांनी दफनभूमीत स्वतःसाठी जागा विकत घेतली आणि दंतवैद्याकडे जाऊन खराब झालेले दात भरून घेतले.

मित्रहो, शल्यचिकित्सेच्या इतिहासात ही हकिकत नेहमी एखाद्या गमतीदार तळटीपेसारखी येते. एका हाताने मरणाची तयारी आणि दुसऱ्या हाताने पुढची वीस वर्षे भाकरी चावण्याची तयारी! वाचणारा हसतो आणि पुढे जातो. मीही एम.ए.च्या पहिल्या वर्षी वाचली तेव्हा हसून पुढे गेले होते. गेल्या तीन आठवड्यांत मात्र ती तळटीप मला मूळ मजकुराहून मोठी वाटू लागली आहे. त्याचे कारण या थ्रेडमध्ये ओघाने येईलच.

आधी प्रश्न असा की, गिलमोर यांच्यासमोरची अनिश्चितता नेमकी कशी होती? आज आपण 'ऑपरेशनला धोका किती?' असे विचारतो, तेव्हा समोरचा डॉक्टर काहीतरी आकडा सांगतो. तो आकडा कितीही धूसर असला, तरी त्याच्यामागे हजारो माणसांचा अनुभव असतो. गिलमोर यांच्या मागे कोणीच नव्हते.

मुळात या रोगाची ओळखच नवी होती. न्यूयॉर्कचे डॉ. आयझॅक ॲडलर यांनी १९१२ मध्ये फुफ्फुसाच्या प्राथमिक कर्करोगावर एक ग्रंथ लिहिला, तेव्हा जगभरातील वैद्यकीय वाङ्मय धुंडाळून त्यांना जेमतेम ३७४ प्रकरणे सापडली. इतक्या दुर्मीळ विषयावर पुस्तक लिहिण्याजोगे काही आहे काय, असा प्रश्न त्यांनी स्वतःच उपस्थित केला होता. विशीच्या दशकात रुग्ण भराभर वाढू लागले. का वाढले, यावर एकमत नव्हते. कोणी डांबरी रस्त्यांना दोष देई, कोणी मोटारींच्या धुराला, कोणी १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीला, तर कोणी पहिल्या महायुद्धातील विषारी वायूंना.

त्यातही छाती उघडणे हेच मुळी मोठे दिव्य होते. पोटाची शस्त्रक्रिया एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बऱ्यापैकी रुळली, पण छातीच्या बाबतीत निसर्गाने एक अडचण करून ठेवली आहे. आपली फुफ्फुसे फुगलेली राहतात ती छातीच्या पोकळीत बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब असतो म्हणून. सुरीने बरगड्यांमधून वाट काढली की बाहेरची हवा आत शिरते आणि फुफ्फुस टाचणी लागलेल्या फुग्यासारखे आकसते. १९०४ मध्ये ब्रेस्लाऊ येथे फर्डिनांड सावरब्रुख या तरुण शल्यविशारदाने यावर एक विलक्षण तोडगा काढला. त्याने हवेचा दाब कमी ठेवलेली एक बंद खोलीच बांधली. शल्यविशारद, त्याचे साहाय्यक आणि रुग्णाचे धड या खोलीत, तर रुग्णाचे डोके भिंतीतल्या भोकातून बाहेर! पुढे श्वासनलिकेत नळी घालून दाबाने हवा देण्याची पद्धत आली आणि ही अवाढव्य खोली निरुपयोगी ठरली. भुलेच्या यंत्रामागे आज आपण जे पाहतो, त्याचे मूळ या नळीत आहे.

हवेचा प्रश्न सुटला, पण जंतूंचा प्रश्न सुटला नव्हता. लंडनमध्ये ह्यू मॉरिस्टन डेव्हिस यांनी १९१२ मध्ये कर्करोगग्रस्त फुफ्फुसाचा एक खंड व्यवस्थित वेगळा करून काढला. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, पण छातीत पू होऊन रुग्ण आठव्या दिवशी दगावला. गिलमोर आजारी पडले तेव्हाही पेनिसिलिन वापरात यायला एक दशक बाकी होते. सल्फा औषधांचा पहिला शोधनिबंधसुद्धा १९३५ चा.

आणि संपूर्ण फुफ्फुस? १९३१ मध्ये बर्लिन येथे रुडॉल्फ निसेन यांनी आणि १९३२ मध्ये अमेरिकेतील ॲन आर्बर येथे कॅमेरॉन हेट यांनी प्रत्येकी एका मुलीचे संपूर्ण फुफ्फुस काढण्यात यश मिळवले होते. परंतु त्या दोघींनाही कर्करोग नव्हता, आणि पद्धतही टप्प्याटप्प्याची होती. फुफ्फुसाच्या मुळाशी घट्ट बांधून ठेवायचे आणि निर्जीव झालेला भाग काही दिवसांनी गळून पडू द्यायचा. (निसेन ज्यू होते. १९३३ मध्येच त्यांना जर्मनी सोडून इस्तंबूलला जावे लागले. तो वेगळ्या थ्रेडचा विषय आहे.) कर्करोगासाठी एकाच बैठकीत पूर्ण फुफ्फुस काढले आणि माणूस जगला, असे एकही उदाहरण गिलमोर यांच्यापुढे नव्हते.

गिलमोर स्वतः डॉक्टर होते, हे येथे विसरून चालणार नाही. त्यांच्यापासून काही लपवणे शक्यच नव्हते. जुलै १९३२ पासून थंडी, ताप, खोकला आणि छातीच्या डाव्या बाजूचे दुखणे सुरू होते. सात महिने उलटल्यावर फेब्रुवारी १९३३ च्या अखेरीस ते बार्न्स रुग्णालयात दाखल झाले. तेथे श्वासनलिकेत दुर्बीण घालून तुकडा तपासला गेला आणि निदान झाले. निदानाचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगावा लागला नसणार.

शल्यविशारद होते इव्हार्ट्स ग्रॅहम. वय ५०. या माणसाची कारकीर्द मला फार लक्षणीय वाटते, कारण त्याची पहिली मोठी कीर्ती शस्त्रक्रिया करण्याची नसून थांबण्याची होती. १९१८ मध्ये अमेरिकन लष्करी छावण्यांत न्यूमोनियाची साथ पसरली. अनेक सैनिकांच्या छातीत पू साठे आणि तो तातडीने छाती उघडून काढला जाई. असे सैनिक मोठ्या संख्येने मरत होते. काही छावण्यांत मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्याही पुढे गेले होते. या प्रश्नासाठी नेमलेल्या आयोगात ग्रॅहम होते. त्यांनी प्रयोगांती दाखवून दिले की, द्रव पातळ असताना आणि फुफ्फुस अजून छातीच्या भिंतीला चिकटलेले नसताना छाती उघडणे हेच मृत्यूचे कारण आहे. सुईने द्रव काढत राहा, पू घट्ट होऊ द्या, मग उघडा. मृत्यूचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास खाली आले. थांबणे हासुद्धा उपचार असतो, हे ज्याने आकड्यांनी सिद्ध केले त्याच माणसाला पंधरा वर्षांनी एका रुग्णाच्या बाबतीत न थांबण्याचा निर्णय घ्यायचा होता.

आता मी माझे कारण सांगते. माझ्या धाकट्या मामांना फुफ्फुसाचा कर्करोग झाला आहे. वय ६१, एसटीतून वाहक म्हणून निवृत्त. तपासणी, तुकडा, पेट स्कॅन, पुन्हा एक तपासणी, मग 'बोर्डात चर्चा करून सांगतो', मग 'काढता येईल', मग 'उघडल्यावर कळेल किती काढायचे'. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली आहे. या तीन आठवड्यांत घरात सर्वाधिक उच्चारला गेलेला शब्द 'कर्करोग' नसून 'बघू' हा आहे. जेवणाला चव आहे की नाही, दिवाळीला गावी जायचे की नाही, धाकटीच्या लग्नाची बोलणी पुढे न्यायची की नाही, या सगळ्यांचे उत्तर 'बघू'. मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे. औषधांतले मला काही कळत नाही, म्हणून रुग्णालयाच्या बाकावर बसून मी जे कळते ते वाचत राहिले.

५ एप्रिल १९३३. ठरले होते डाव्या फुफ्फुसाचा वरचा खंड काढायचे. छाती उघडल्यावर ग्रॅहम यांना दिसले की, गाठ श्वासनलिकेच्या फाट्याला इतकी खेटून आहे की नुसता वरचा खंड काढून ती सुटणार नाही. दोनच पर्याय उरले. छाती पुन्हा शिवून टाकायची, नाहीतर संपूर्ण डावे फुफ्फुस काढायचे.

गिलमोर यांच्यासोबत पिट्सबर्गहून त्यांचे डॉक्टर मित्र सिडनी चॅल्फंट आले होते आणि ते शस्त्रक्रियागृहात उपस्थित होते. ग्रॅहम यांनी हात थांबवून त्यांना परिस्थिती सांगितली. क्षणभर या प्रसंगाची कल्पना करून पाहा. रुग्ण भुलेखाली आहे, त्याला विचारता येत नाही. ज्याला विचारता येते तो नातेवाईक नाही, मित्र आहे, आणि डॉक्टर असल्यामुळे 'तुम्हाला योग्य वाटेल ते करा' असे म्हणून अज्ञानामागे लपण्याची सोय त्याला नाही. चॅल्फंट यांचा होकार आला.

तरीही ग्रॅहम यांनी लगेच सुरी चालवली नाही. त्यांना भीती होती ती हृदयाची. शरीरातील सगळे रक्त दोन फुफ्फुसांतून फिरते. एक रस्ता अचानक बंद केला तर उजव्या बाजूचे हृदय तो भार सोसेल काय? त्यांनी फुफ्फुसाच्या मुळाभोवती रबरी नळी आवळली आणि काही वेळ नुसते पाहत राहिले. नाडी, रक्तदाब, नाडी, रक्तदाब. विशेष फरक पडला नाही. मग त्यांनी फुफ्फुस काढले. उरलेल्या देठात किरणोत्सारी रेडॉनच्या बारीक कुप्या ठेवल्या. रिकाम्या झालेल्या पोकळीत पू साचू नये आणि छातीची भिंत आत बसावी म्हणून सात बरगड्यांचे भागही काढले.

मला या सगळ्या वर्णनात सर्वांत मोलाचा वाटतो तो नळी आवळून पाहत राहण्याचा अवधी. धाडसाच्या कथांमध्ये तो लवकर उरकला जातो. पण तेथे एक माणूस आपल्याला ठाऊक नाही हे मान्य करतो, आणि ठाऊक करून घेण्यासाठी, परत फिरता येईल असे एक छोटे पाऊल टाकतो. नळी सोडता आली असती. कापलेले फुफ्फुस परत लावता आले नसते.

पुढचे दिवस सुखाचे गेले नाहीत. जंतुसंसर्ग झाला, आणखी बरगड्या काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. सुमारे अडीच महिने गिलमोर रुग्णालयात होते. ऑक्टोबर १९३३ मध्ये ग्रॅहम आणि त्यांचे सहकारी जेकब सिंगर यांनी या प्रकरणाचा निबंध अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. गिलमोर पुढे आपल्या व्यवसायात परतले. एका फुफ्फुसावर जगणारा हा डॉक्टर पिट्सबर्गमध्ये पुन्हा बाळंतपणे करू लागला.

येथवर वाचून कोणाला वाटेल की सत्य सांगितले, रुग्णाने धीर धरला, गोष्ट सफळ संपूर्ण झाली. इतिहास एवढा सरळ असता तर बरे झाले असते. यानंतर १८ वर्षांनी जगातील एका अतिशय प्रसिद्ध माणसाचे डावे फुफ्फुस काढण्यात आले, आणि त्याला आपल्याला काय झाले आहे हेच सांगितले गेले नाही.

ते होते इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांच्या प्रकृतीविषयी जी पत्रके निघाली त्यांत फुफ्फुसात 'रचनेतील बदल' आढळल्याचे म्हटले होते. २३ सप्टेंबर रोजी बकिंगहॅम राजवाड्यातीलच एका दालनाचे शस्त्रक्रियागृह करून क्लेमंट प्राइस थॉमस यांनी त्यांचे फुफ्फुस काढले. कर्करोग हा शब्द पत्रकातही नव्हता आणि राजाच्या कानावरही घातला गेला नाही. चर्चिल यांचे वैद्य लॉर्ड मोरन यांना ती शब्दयोजना वाचूनच खरा अर्थ उमगला होता. म्हणजे पत्रक वाचणाऱ्या चाणाक्ष डॉक्टरला जे कळत होते, ते ज्याच्या छातीवर टाके पडले त्याला कळू दिले गेले नाही. राजा ६ फेब्रुवारी १९५२ रोजी झोपेतच वारला.

याला केवळ राजघराण्याची गुप्तता म्हणून सोडून देता येत नाही. १९६१ मध्ये डोनाल्ड ओकेन यांनी शिकागोच्या एका रुग्णालयातील २१९ डॉक्टरांना विचारले की, तुम्ही रुग्णाला कर्करोग झाल्याचे सांगता काय? ९० टक्के डॉक्टरांचा कल न सांगण्याकडे होता. अठरा वर्षांनी, १९७९ मध्ये, तोच प्रश्न दुसऱ्या एका पाहणीत विचारला गेला, तेव्हा ९७ टक्क्यांनी सांगण्याच्या बाजूने कौल दिला. एका पिढीत वैद्यकीय नीतीचा काटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला. दोन्ही वेळी डॉक्टर प्रामाणिक होते, आपण रुग्णाचे हितच पाहतो असे दोन्ही पिढ्यांना वाटत होते. मला या दोन आकड्यांनी अस्वस्थ केले, कारण आमच्या घरात अजून १९६१ साल चालू होते.

मामांना आम्ही 'गाठ आहे, काढायची' इतकेच सांगितले होते. आईने सगळ्यांना बजावले होते, मामींनी तपासण्यांची फाइल स्वतःच्या पिशवीत ठेवली होती, आणि मी, सत्यशोधनाच्या गप्पा मारणारी इतिहासाची विद्यार्थिनी, या कटात सामील होते. एका दुपारी केसपेपरच्या रांगेत उभे असताना मामा मला शांतपणे म्हणाले, "अगं, त्या खिडकीवर काय लिहिलंय ते मला वाचता येतं. पस्तीस वर्षं पाट्या वाचूनच गाडी सोडली मी." त्यानंतर मी त्यांना जेवढे ठाऊक होते तेवढे सांगितले. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. माझा निर्णय बरोबर होता असे मी येथे सिद्ध करायला बसलेली नाही. इतकेच नोंदवते की, त्या दिवसानंतर मामा 'बघू' कमी म्हणू लागले आणि प्रश्न जास्त विचारू लागले.

असे का होते, याचाही अभ्यासाचा इतिहास आहे, आणि तो आपल्या विषयाला धरूनच आहे. १९५८ मध्ये येल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ अर्व्हिंग जॅनिस यांनी शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या रुग्णांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. तोवरची समजूत अशी होती की, रुग्ण जितका निर्धास्त तितका चांगला. जॅनिस यांचे निरीक्षण वेगळे होते. ज्यांना आधी भयंकर भीती वाटत होती ते नंतरही घाबरलेलेच राहिले, परंतु ज्यांना आधी काहीच वाटत नव्हते ते शस्त्रक्रियेनंतर चिडले, खचले, आपली फसवणूक झाली असे म्हणू लागले. मध्यम काळजी करणारे सर्वांत बरे सावरले. काळजी हे एक काम आहे, ते आगाऊ करावे लागते, असे जॅनिस यांचे सूत्र होते. पुढच्या संशोधकांना ही तीन पातळ्यांची नेटकी मांडणी जशीच्या तशी आढळली नाही, अनेकांच्या मते आधीची भीती जितकी जास्त तितका नंतरचा त्रास जास्त, एवढेच सरळ नाते आहे. तरीही 'काळजीचे काम' ही कल्पना टिकली. गिलमोर यांनी दफनभूमीत जागा घेतली ते हेच काम होते, असे मला वाटते. आपल्याकडे वडीलधारी माणसे शस्त्रक्रियेच्या आधी बँकेचे पासबुक आणि विम्याचे कागद काढून मुलाच्या हातात देतात, आणि आपण 'असं अभद्र बोलू नका' म्हणून त्यांना गप्प करतो. ते काम करू पाहत असतात, आपण ते करू देत नाही.

यानंतरचा प्रयोग माझा विशेष आवडता आहे. १९६४ मध्ये बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात लॉरेन्स एग्बर्ट आणि त्यांच्या सहकारी भूलतज्ज्ञांनी पोटाची शस्त्रक्रिया होणारे ९७ रुग्ण घेतले. एका गटाला नेहमीसारखीच माहिती दिली. दुसऱ्या गटातील रुग्णांना भूलतज्ज्ञाने आदल्या रात्री जवळ बसून सांगितले की, जागे झाल्यावर दुखेल, कोठे दुखेल, किती वेळ दुखेल, स्नायू सैल कसे सोडायचे, कूस कशी बदलायची. शस्त्रक्रिया करणाऱ्यांना कोणता रुग्ण कोणत्या गटात आहे हे ठाऊक नव्हते. ज्यांना सांगितले होते त्यांना वेदनाशामक औषध जवळपास निम्मेच लागले आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले. औषध तेच, टाके तेच. फरक होता तो आदल्या रात्रीच्या संभाषणाचा.

लक्षात घ्या, एग्बर्ट यांच्या रुग्णांनाही 'तुम्ही नक्की बरे व्हाल' असे आश्वासन मिळाले नव्हते. मोठा प्रश्न अनुत्तरितच होता. छोट्या प्रश्नांची उत्तरे मात्र मिळाली होती.

ऐंशीच्या दशकात मर्ल मिशेल या परिचर्याशास्त्राच्या संशोधिकेने आजारपणातील अनिश्चितता हा स्वतंत्र अभ्यासविषय बनवला. तिचे वडील कर्करोगाने आजारी होते आणि त्यांची तगमग तिने जवळून पाहिली होती. १९८१ मध्ये तिने अनिश्चितता मोजण्याची प्रश्नावली तयार केली, १९८८ मध्ये सिद्धान्त मांडला. तिचे म्हणणे असे की, अनिश्चितता स्वतः वाईटही नसते आणि चांगलीही नसते. माणूस तिच्याकडे धोका म्हणून पाहतो किंवा संधी म्हणून, त्यावर पुढचे सारे अवलंबून असते. वाईट बातमी जवळपास निश्चित असताना 'अजून नक्की नाही' हेच वाक्य आधार देते. मिशेल यांच्या परिभाषेत सांगायचे तर गिलमोर यांनी एकाच अनिश्चिततेकडे दोन्ही नजरांनी पाहिले आणि दोन्ही नजरांचे बिल वेगवेगळे भरले.

ग्रॅहम यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ते स्वतः अट्टल सिगारेट ओढणारे होते. अर्न्स्ट विंडर नावाचा एक वैद्यकीय विद्यार्थी त्यांच्याकडे सिगारेट आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांच्या संबंधाची कल्पना घेऊन आला, तेव्हा ग्रॅहम यांचा त्यावर विश्वास बसला नव्हता. सिगारेटचा खप वाढला तसा नायलॉनच्या मोज्यांचाही वाढला आहे, अशी त्यांची कोटी होती. तरी त्यांनी त्या मुलाला काम करू दिले, हे त्यांचे मोठेपण. मे १९५० मध्ये दोघांच्या नावे ६८४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल यांचा निबंध आला. १९५३ मध्ये ग्रॅहम यांच्या प्रयोगशाळेत सिगारेटच्या धुरातील डांबर उंदरांच्या पाठीवर लावले गेले आणि ४४ टक्के उंदरांना कर्करोग झाला. पुरावा मान्य करून ग्रॅहम यांनी सिगारेट सोडली.

उशीर झाला होता. १९५७ च्या आरंभी त्यांच्या दोन्ही फुफ्फुसांत कर्करोग आढळला. ज्या शस्त्रक्रियेने गिलमोर वाचले, ती दोन्ही बाजूंच्या रोगावर करता येत नाही. आपले एकेकाळचे शिष्य आणि तंबाखूचे जुने विरोधक ॲल्टन ऑक्सनर यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी खंत व्यक्त केली की, सिगारेट सोडून पाच वर्षे झाली खरी, पण त्याआधी ५० वर्षे ओढली होती. ४ मार्च १९५७ रोजी ते वारले.

हे वाचताना मी आमच्या एका नातेवाइकाचा विचार करत होते. ते मामांना भेटायला आले आणि चहाचा कप खाली ठेवण्याच्या आत म्हणाले, "बिड्या ओढल्या की असंच होणार." मामांनी बिडी सोडून नऊ वर्षे झाली आहेत. ज्या माणसाने जगाला हे कार्यकारण पटवून दिले, तोही त्यातून सुटला नाही. कार्यकारण समजणे निराळे आणि आजारी माणसाच्या उशाशी बसून त्याचा पाढा वाचणे निराळे.

काल रात्री मी मामांना गिलमोर यांची गोष्ट सांगितली. दफनभूमी, दात, चॅल्फंट, रबरी नळी, सगळे. ते पडल्या पडल्या ऐकत होते. नळीच्या ठिकाणी त्यांनी मला दोनदा थांबवले. नाडी कोण मोजत होते, किती वेळ मोजली, असे विचारले. ग्रॅहम गेले हे ऐकून बराच वेळ गप्प राहिले.

मग म्हणाले, "आणि तो पेशंट? तो कधी गेला?"

मी सांगितले, १९६३ मध्ये. शस्त्रक्रियेनंतर तीस वर्षांनी. आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाने नव्हे.

"तीस वर्षं," मामांनी बोटांवर काहीतरी हिशेब केला. "म्हणजे दातांचे पैसे वसूल झाले म्हणायचे."

शस्त्रक्रिया गुरुवारी सकाळी आहे.